दोनशे एकोणीसमधलं एक मत

जेनिल्दानं दालवाबाईंचा उजवा हात कोमट पाण्याच्या वाडग्यातून काढला, मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला, एकेक बोट टिपलं आणि अंगठ्यापासून सुरुवात करता करता अगदी सहज म्हणाली, "दोनशे चौदामध्ये माझं नावच नाही, बाई."

हात ओढून घ्यायचा नाही, एवढं दालवाबाईंना त्या क्षणी कळलं. बाकी काहीच कळलं नाही. मंगळवारी सकाळी नऊ वाजता जेनिल्दा येते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते, तिची निळी पेटी उघडते, कॉफी घेते, हे गेली अकरा वर्षं चाललं होतं. निवडणुकीनंतरच्या मंगळवारी ती येणार नाही असं त्यांनी धरून ठेवलं होतं. धरून ठेवलं होतं म्हणण्यापेक्षा तशी आशा केली होती. पण ती आली. वेळेवर आली, पायऱ्या चढून दम लागलेली, कानात तीच मोठी कानातली. "पाणी ठेवलं का गरम?" म्हणाली. आणि आता तिनं त्यांचा अंगठा धरला होता आणि नखाच्या मुळाशी वाढलेली कातडी लाकडी काडीनं मागे सारत होती.

"नाव नाही म्हणजे?" दालवाबाईंनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. तेवीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलेल्या आणि आठ वर्षं चर्चच्या हॉलमध्ये 'सामान्य माणसांनी निवडणुकीला उभं राहावं' म्हणून वर्ग घेणाऱ्या बाईला हे माहीत नसेल तर कोणाला असणार? रविवारी पाच वाजता मतदान संपतं, प्रत्येक यंत्रातून वाण्याच्या बिलासारखी एक लांब पट्टी निघते आणि ती शाळेतल्या त्या त्या वर्गाच्या दारावर चिकटवतात. ज्यांना त्या बूथवर मत पडलं त्यांचीच नावं पट्टीवर येतात. हे त्यांनीच वर्गात शिकवलं होतं. जेनिल्दानं ते वहीत उतरवून घेतलं होतं, खाली रेघ मारून.

"शून्य असतं तरी बरं वाटलं असतं," जेनिल्दा म्हणाली. "निदान नाव छापून आलं असतं. मी दोनदा वाचलं. शेजारच्या लुसिनेइदला मोबाइलचा उजेड धरायला लावला. ती म्हणते, चल गं घरी, कशाला छळ करून घेतेस. पण मी सगळ्या दारांवरच्या पट्ट्यांचे फोटो काढले. तुम्हीच सांगितलं होतं ना, निकाल लागला की पळून जायचं नाही, कुठून काय आलं ते बघायचं."

सांगितलं होतं. दालवाबाई वर्गात पुष्कळ गोष्टी सांगत. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे; त्यांचा आवाज मुळातच पटवणारा होता, थोडा खालच्या पट्टीतला, समोरच्याला आपल्याबद्दल बरं वाटायला लावणारा. कोणीही उभं राहू शकतं, त्या म्हणत. तुमच्या गटाराबद्दल ठराव करणारे लोक त्या गटारात कधी उतरलेले नसतात. टेकडीवरच्या बायका, गवंडी, एक बसचालक, एक नुकताच तुरुंगातून सुटून आलेला सुतार, सगळे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून ऐकत, आणि शेवटी छापील प्रमाणपत्र घेऊन घरी जात. आठ वर्षांत त्यांच्यातले सात जण उभे राहिले. सातही पडले. त्याचं दालवाबाईंना फारसं वाईट वाटत नसे. हे आता, अंगठा दुसऱ्याच्या हातात असताना, त्यांच्या लक्षात आलं. पडलेल्यांना त्या घरी बोलावत, मक्याचा केक करत, "सुरुवात तर झाली" म्हणत, आणि त्या संध्याकाळी त्यांना शांत झोप लागे.

जेनिल्दानं तर्जनी घेतली. दालवाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर टेकडी खचू नये म्हणून बांधलेली भिंत होती आणि त्या भिंतीवर निळ्या रंगात अदेमारचं नाव आणि पाच आकडे. दर चार वर्षांनी कोणीतरी येऊन ते आकडे पुन्हा गडद करून जाई. आधीचा निळा, वरचा निळा, असे रंगाचे पाच थर तिथं चढले होते. अदेमार पाच वेळा नगरसेवक. दालवाबाईंच्या आईला मोठ्या इस्पितळात खाट मिळत नव्हती तेव्हा त्यानं एक फोन केला होता. आई तरीही गेली, पण खाटेवर गेली, बाकावर नाही. त्याचं देणं त्यांनी केव्हाच फेडलं होतं, दोन निवडणुकांत फेडलं होतं. नंतरच्या निवडणुकांत कसलं देणं होतं?

"दोनशे चौदा तुमचाच बूथ ना?" जेनिल्दानं वर न बघता विचारलं.

बारीक कातर नखाच्या कडेनं चालली होती. तिचा हात फार हलका. टेकडीवरच्या बायका म्हणतात की जेनिल्दानं नखं केली तर झोप येते. म्हणूनच दालवाबाईंच्या डोक्यात ते पहिल्यांदा आलं होतं, इथंच, याच टेबलाशी, मार्च महिन्यात. आठवड्याला चाळीस जणींचे हात तुझ्या मांडीवर असतात, जेनिल्दा. कोणाचा नवरा मारतो, कोणाच्या घरात पाणी चढत नाही, कोणाच्या पोराला शाळेनं काढलं, सगळं तुला आधी कळतं. या टेकडीला तुझ्यापेक्षा जास्त कोण ओळखतं? जेनिल्दा हसली होती, "मला? बाई, मला चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की घाम फुटतो," आणि मग काम करता करता गप्प झाली होती. दालवाबाईंनी ते गप्प होणं ओळखलं होतं. सात जणांच्या चेहऱ्यावर त्यांनी ते पाहिलं होतं. माणूस पहिल्यांदाच स्वतःकडे जरा लांबून बघतो आणि त्याला तिथं कोणीतरी दिसतं. त्या दिसण्याची दालवाबाईंना चटक लागली होती. याला दुसरा शब्द नाही.

पण मार्चमध्ये जे मनापासून सुचलं होतं त्याची जुलैमध्ये निकड झाली. पक्षाचा चिटणीस वान्देरली, एरवी त्यांचा फोन न उचलणारा, त्यानं स्वतःहून फोन केला. "दालवाबाई, आमची यादी अडकलीय. तीस टक्के बायका नसल्या तर सगळी यादीच उडते. शुक्रवारपर्यंत एक बाई द्या." कशी हवी, त्यांनी विचारलं. "कशी म्हणजे? बाई हवी. कोणीही चालेल." दालवाबाईंनी रागानं फोन ठेवायला हवा होता. त्यांनी नाव दिलं. आपण यांचाच डाव वापरून यांच्या घरात शिरतोय, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि ते इतकं चांगलं समजावलं की त्याच संध्याकाळी जेनिल्दाला सांगताना त्यांचे डोळे भरून आले. पक्षाला तू हवी आहेस, त्या म्हणाल्या. यादीत नाव काय द्यायचं यावर तासभर गंमत चालली. इथं प्रत्येक जण धंद्याचं नाव लावून उभा राहतो, गॅसवाला अमुक, रिक्षावाला तमुक. शेवटी 'नखवाली जेनिल्दा' ठरलं. पक्षाकडून पत्रकं आली ती मतदानाला बारा दिवस उरले असताना, एक गठ्ठा, त्यातली निम्मी भिजलेली. जेनिल्दानं ती इस्त्रीनं वाळवली. हरभऱ्याच्या झाडावर कोणी कोणाला चढवलं होतं याचा हिशेब दालवाबाईंनी तेव्हा टाळला.

"बाई?"

"हं?"

"दोनशे चौदा तुमचा ना, असं विचारलं."

रविवारी सकाळी ऊन चांगलंच तापलं होतं. शाळेच्या फाटकाशी जेनिल्दा उभी होती, छातीवर स्टिकर, ओठांना लिपस्टिक. तिनं त्यांना मिठी मारली. काही बोलली नाही, नियम पाळत होती. मतदानाच्या दिवशी फाटकाशी मत मागायचं नाही हेही त्यांनीच शिकवलं होतं. दालवाबाई आत गेल्या, सही केली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्रापुढे उभ्या राहिल्या. जेनिल्दाचा आकडा त्यांना पाठ होता. त्यांनी तो दोनशे चिठ्ठ्यांवर स्वतःच्या हातानं लिहिला होता, म्हाताऱ्यांना सोबत न्यायला सोपं जावं म्हणून. आणि त्यांच्या बोटानं भिंतीवरचे पाच आकडे दाबले.

बोटानं दाबले असं त्या रविवारपासून स्वतःला सांगत होत्या. पाच वेळा तेच आकडे दाबले, बोटाला सवय लागली, वय झालं. हे खरंही होतं. पण ते तिथंच संपत नव्हतं. आकडे दाबल्यावर पडद्यावर अदेमारचा फोटो आला होता. टाय, चष्मा, पिकलेले कल्ले. शेजारी केशरी बटण होतं, चुकलं तर पुसायला. त्याच्याशेजारी हिरवं, मत पक्कं करायला. पुसायला कोणाची ना नव्हती. दालवाबाईंनी त्या फोटोकडे पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. नगरसेवक असाच दिसतो. मग त्यांच्या डोळ्यांपुढे जेनिल्दाचा फोटो आला, त्यांनीच काढून घेतलेला, डोळ्यांत जाड काजळ, ती कानातली, हसताना दिसणारा पडका दात. आणि आतून कोणीतरी म्हणालं, हिला तिथं काय कळणार आहे? तो आवाज अनोळखी नव्हता. आठ वर्षं त्या ज्या लोकांशी भांडत आल्या त्यांचाच तो आवाज होता, फक्त आता तो त्यांच्या पट्टीत बोलत होता, खालच्या, समजूतदार. त्यांनी हिरवं बटण दाबलं. यंत्र वाजलं. बाहेर येऊन त्यांनी जेनिल्दाला पुन्हा मिठी मारली.

आणि हे आजचंही नव्हतं. त्यांची आई नगरपालिकेच्या सभागृहात झाडलोट करायची. शाळेला सुट्टी असली की दालवा तिच्याबरोबर जायची आणि प्रेक्षकांच्या बाकावर बसून राहायची. सात-आठ वर्षांची असेल. एकदा आई बादली भरायला गेली तेव्हा ती खाली उतरली आणि पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसली. मऊ कातडं होतं, तपकिरी, थंड. पाय जमिनीला टेकत नव्हते. आई आली, तिनं ओरडा केला नाही. "ऊठ बाळा," एवढंच म्हणाली. दालवा उठली. मग आईनं फडकं ओलं करून ती बसली होती ती जागा पुसली, काळजीपूर्वक, दोनदा, आणि कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसली. ही गोष्ट दालवाबाई प्रत्येक वर्गाच्या पहिल्या दिवशी सांगत. वर्गात तिचा शेवट असा होता की त्या पोरीनं तिथल्या तिथं ठरवलं, एक दिवस आपली माणसं या खुर्च्यांवर बसतील. बायका डोळे पुसत. प्रत्यक्षात तिनं काही ठरवलं नव्हतं. आई पुसत होती तेव्हा तिला बरं वाटलं होतं. खुर्ची पुन्हा स्वच्छ झाली, कोणाला काही कळणार नाही, म्हणून बरं वाटलं होतं. "बाई, मग तुम्हीच का नाही उभ्या राहत?" असं जेनिल्दानं मार्चमध्ये विचारलं होतं, आणि त्यांनी "मी बाहेरच बरी, कोणीतरी उभं करणारंही लागतं" असं काहीतरी म्हणून तिची समजूत घातली होती.

जेनिल्दानं कातर खाली ठेवली. आता ती खरंच त्यांच्याकडे बघत होती. संशयानं नव्हे; हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस बघतो तसं.

"मी सगळी मतं शोधून काढलीत," ती म्हणाली. "एकूण नऊ. तीनशे जणींनी हात दाबून सांगितलं होतं, तुलाच देणार. जाऊ दे ते. नऊ तर नऊ. एक माझं. आईचं. लुसिनेइदचं. तिचा नवरा आईची शपथ घेऊन सांगतो, म्हणजे त्याचं धरू. बेकरीतल्या तीन पोरी. कोपऱ्यावरच्या नाईरचं. झाली आठ. नववं दोनशे एकोणीसमध्ये आहे आणि तिथं माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. आणि तुमच्या दोनशे चौदामध्ये काहीच नाही. मी रात्रभर बोटांवर मोजतेय." मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "थांबा. तुमचा बूथ बदलला का या वेळी? पुष्कळांचे बदललेत. दोन-दोन एकत्र केलेत."

दालवाबाईंनी मान हलवली. किंचित. ती होकाराची हालचाल होती असं त्यांनाही नंतर खात्रीनं सांगता आलं नसतं.

"दोनशे एकोणीस?"

"हो," दालवाबाई म्हणाल्या.

"अगं बाई गं," जेनिल्दा म्हणाली आणि मागे टेकून हसायलाच लागली. हसता हसता तिनं मनगटानं डोळे पुसले, हाताला तेल होतं म्हणून. "आणि मी वेडी. मी काय काय विचार केला, तुम्हाला सांगू नये असा. रविवारपासून जेवले नाही नीट. लुसिनेइदला म्हटलं, बाईंनीसुद्धा नाही दिलं. ती म्हणाली, बघ, मी सांगत होते. माफ करा हं बाई. खरंच माफ करा." तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. दालवाबाईंनी तो दाबू दिला. "आता मला नऊचं काही वाटत नाही. माझी माणसं कोण ते कळलं. बाकीच्यांनी नातं म्हणून दिलं, शेजार म्हणून दिलं. पण तुम्हाला सगळं कळतं ना यातलं. तुम्ही दिलं म्हणजे काहीतरी बघून दिलं. बास. पुढच्या वेळी पुन्हा उभी राहते की नाही बघा."

मग ती रंग निवडू लागली. दालवाबाई एरवी बिनरंगी लावत. जेनिल्दानं आज आग्रहानं लाल काढला, जत्रेला लावतात तो. एकेक नख ती जीव ओतून रंगवत होती, जीभ दातांत धरून, आणि दालवाबाईंना वाटत होतं की आत्ता सांगावं. चारच शब्द होते. मी अदेमारला मत दिलं. सांगितल्यावर जेनिल्दा काय करेल? रंग पुसेल? उठून जाईल? रडेल? यातलं काहीही सोसण्यासारखं होतं. पण ती पुन्हा रविवारसारखी जेवायची थांबेल, आणि आता तिला समजावणारी बाई या घरात उरणार नाही. असा विचार करून त्या गप्प राहिल्या, आणि हा विचारही त्याच समजूतदार आवाजात आला हे त्यांना कळलं.

दारावर टकटक न करताच डोना ओदिला आत आल्या. खालच्या घरात एकट्या राहणाऱ्या, एकोणऐंशीच्या, खांद्यावर स्वतःचा टॉवेल. त्यांना वाकता येत नाही, म्हणून दर मंगळवारी दालवाबाईंचं झालं की इथंच जेनिल्दा त्यांच्या पायाची नखं कापते. त्या भिंतीला धरून खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "वर चढेपर्यंत अर्धी मेले."

"डोना ओदिला, कुरकुर नको, आज मी खुशीत आहे," जेनिल्दा म्हणाली. "कोडं सुटलं. दोनशे एकोणीसमध्ये माझं एक मत होतं, ते कोणाचं ते कळत नव्हतं. बाईंचं निघालं."

म्हातारीनं टॉवेलची घडी मांडीवर ठेवली. "दोनशे एकोणीस?" ती म्हणाली. "माझं पण तिथंच असतं."

"तुम्ही गेला होतात? तुम्हाला तर माफ आहे. सत्तरीनंतर सक्ती नाही."

"गेले होते. आठ वर्षांनी गेले. पाव आणणाऱ्या पोराचा हात धरून खाली उतरले." त्यांनी जरा लाजून पदर सारखा करावा तसा ब्लाउज सारखा केला. "तुलाच दिलं की गं मी."

जेनिल्दा हातातला ब्रश तसाच धरून हसली. "मला खूश करायला सांगताय. मग दोन दिसायला हवी होती ना तिथं? आहे एकच."

"एकच?"

"एकच. हे बघा." तिनं मोबाइल काढला, पट्टीचा फोटो मोठा करून म्हातारीच्या नाकापुढे धरला. "नखवाली जेनिल्दा. एक. ते बाईंचं."

डोना ओदिलांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग दालवाबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे पाणावलेले असत, मोतीबिंदूमुळे. ते काय बघतात ते सांगता येत नसे. दालवाबाईंच्या दहा बोटांवरचा लाल रंग ओला होता आणि दोन्ही हात टेबलावर पसरलेले होते. त्यांना वाटलं, आता ही बोलेल. मनातल्या मनात त्यांनी तिला विनवणी केली की बोल. बोल, आणि मला सोडव.

"पण तुझा फोटो आला होता," म्हातारी म्हणाली. "ही कानातली होती. मला बरं वाटलं बघून. पोरगी कशी छान दिसते, म्हटलं."

"मग? हिरवं दाबलंत?"

"दाबलं. दाबलं की." मग आवाज खाली गेला. "वाजलं होतं काहीतरी."

"वाजतं ते सगळ्यांचंच वाजतं, डोना ओदिला."

"हो का." बराच वेळ त्या टॉवेलच्या कडेचा धागा चाचपत राहिल्या. "मग माझंच चुकलं असणार. केशरी दाबलं असेल. दिसत कुठं नीट." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "एवढं उतरून गेले आणि चुकवून आले बघ."

"असू द्या हो," जेनिल्दा म्हणाली, खरोखरच्या मायेनं. "मनात होतं ना? मला पोचलं." तिनं शेवटचं नख पुरं केलं, वाडगं रिकामं करून परात भरली, आणि गुडघे टेकून म्हातारीचे पाय एकेक करून पाण्यात ठेवले.

दालवाबाईंनी तोंड उघडलं. आवाज तयार होता, तोच, खालच्या पट्टीतला. जेनिल्दानं वर बघून सांगितलं, "हात हलवू नका हं बाई, ओलं आहे अजून," आणि त्यांनी हात हलवले नाहीत.

"पुढच्या वेळी जगले वाचले तर," डोना ओदिला म्हणाल्या, "या बाईंनाच सोबत घेऊन जाईन. त्या नीट दाखवतील कुठलं दाबायचं ते."

दालवाबाईंनी त्या बोलण्यात टोमणा शोधला. तो नव्हता. म्हातारी पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत होती, जरा खजील, उत्तराची वाट बघत.

"हो," दालवाबाई म्हणाल्या, "जाऊ आपण दोघी."